आधी भिंतीतली वायर, मग गाडी

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

‘आमची पेट्रोलची गाडी आता थकली आहे आणि या वेळी इलेक्ट्रिक घ्यावी असं घरात चाललं आहे. गाडी जास्त मीच चालवते. कामावर जाऊन-येऊन रोज ४५ किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा माहेरी जाते, ते २८० किलोमीटरवर आहे. घर स्वतःचं, बैठं, २२ वर्षांपूर्वी बांधलेलं. वीज सिंगल फेज, २३० व्होल्ट. गाडी अंगणातल्या शेडमध्ये असते. मेन बोर्डापासून तिथपर्यंत साधारण २५ मीटर अंतर आहे. शेडमध्ये सॉकेट नाही, पण वॉशिंग मशीनचं सॉकेट खिडकीजवळ आहे. तिथून एक्स्टेन्शन बोर्डाने वायर ओढली तर चालेल का? मिस्टरांचं म्हणणं आहे की करायचंच तर नीट करू, २२ किलोवॅटचा चार्जर बसवू आणि सगळ्यात मोठ्या बॅटरीची गाडी घेऊ. सासरे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, रात्रभर गाडी चार्जिंगला लावून झोपायचं म्हणजे आग उशाशी घेऊन झोपायचं. पावसाळ्याचं काय, हाही त्यांचा प्रश्न आहे. शिवाय रोज पूर्ण चार्ज करायची की नाही, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. गाडी घ्यावी की अजून थांबावं?’

ताई,

घ्या. रोजचं अंतर ठरलेलं आहे, गाडी लावायला स्वतःची जागा आहे आणि ती जागा मेन बोर्डापासून फार लांब नाही. इलेक्ट्रिक गाडी ज्यांच्या अंगवळणी लवकर पडते त्यांची परिस्थिती साधारण अशीच असते.

पण एक अट घालतो. गाडी बुक करण्याआधी चांगल्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. तुमच्या घरातल्या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र तिघंही गाडीकडे आणि बॅटरीकडे बघत आहात. मला जास्त काळजी वाटते ती २२ वर्षांपासून भिंतीत असलेल्या वायरची आणि खिडकीजवळच्या त्या सॉकेटची.

आधी मिस्टरांच्या २२ किलोवॅटबद्दल बोलू, कारण तो हिशेब कागदावर लगेच सुटतो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) वीज खाते. म्हणजे तुमच्या रोजच्या ४५ किलोमीटरला पावणेसात युनिट. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरली तर मीटरवर साडेसात ते आठ युनिट पडतील. आता गाडी घरी किती वेळ उभी असते ते बघा. संध्याकाळी आलात की सकाळपर्यंत दहा-बारा तास ती जागची हलत नाही. १६ अँपिअरने चार्ज केली तर २३० व्होल्टला ३.७ किलोवॅट मिळतात आणि तुमचा दिवसभराचा प्रवास दोन-सव्वादोन तासांत भरून निघतो. अगदी १० अँपिअरने केली तरी साडेतीन तास पुरतात. मग उरलेली रात्र गाडी नुसती उभी असणार.

पेट्रोलची सवय अशी असते की टाकी रिकामी होत आली की पंपावर जायचं आणि पाच मिनिटांत भरून निघायचं. त्यामुळे चार्जरचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न ‘किती वेळात भरते?’ हाच येतो. घरी हा प्रश्न बहुतेक दिवशी लागूच पडत नाही. घरी विचारायचं ते एवढंच, की उद्याच्या दिवसापुरतं सकाळपर्यंत भरेल का? तुमच्या बाबतीत आरामात भरेल.

शिवाय २२ किलोवॅट तुमच्या घरी मिळणारच नाहीत. त्याला थ्री फेज पुरवठा लागतो, तुमच्याकडे सिंगल फेज आहे. आणि थ्री फेज आणला तरी एक गोष्ट राहतेच. भिंतीवरच्या ज्या डब्याला आपण चार्जर म्हणतो तो खरं तर सुरक्षित स्विच असतो. घरातली एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज बॅटरीला चालणाऱ्या डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत बदलण्याचं काम गाडीच्या आत बसवलेला चार्जर करतो, आणि त्याची मर्यादा गाडीगणिक ठरलेली असते. अनेक गाड्यांमध्ये ती ७.४ किंवा ११ किलोवॅट असते, काहींत त्याहून कमी. भिंतीवर २२ चा डबा बसवला तरी ७.४ वाली गाडी ७.४ नेच वीज घेणार. हमरस्त्यावरचे मोठे चार्जर वेगाने भरतात, कारण ते डीसी वीज थेट बॅटरीत देतात, गाडीतल्या चार्जरला मधे घेत नाहीत. मिस्टरांना सांगा की नीट करायचं हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, फक्त तो पैसा डब्याऐवजी वायरीत घाला.

आता तुमच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे येतो. ते करू नका. तात्पुरतं म्हणूनसुद्धा नको, कारण असल्या तात्पुरत्या वायरी वर्षानुवर्षं तशाच राहतात.

वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री ही सगळी उपकरणं घरातल्या सॉकेटवर चालतात, मग गाडीने काय बिघडतं, असं वाटणं स्वाभाविक आहे. फरक वेळेचा आहे. इस्त्री गरम झाली की बंद पडते, पुन्हा चालू होते. वॉशिंग मशीन पाणी तापवताना थोडा वेळच जास्त वीज ओढतं. गाडी मात्र ठरलेला मोठा करंट तासन्‌तास, एकसारखा, एक क्षणही न थांबता ओढत राहते. घरातलं दुसरं क्वचितच कुठलं उपकरण सॉकेटची अशी परीक्षा घेतं. आणि सॉकेट कमजोर असेल तर ते याच परीक्षेत उघडं पडतं.

इथे सासऱ्यांना हाक मारा, कारण पुढचं त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं असेल. ज्यूलचा नियम. वाहकात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. जुन्या सॉकेटमध्ये पिन धरणारी पितळी पट्टी सैल झालेली असते, तिच्यावर काळपट थर चढलेला असतो. समजा त्या सैल जागेचा रोध फक्त ०.१ ओहम आहे. १६ अँपिअर करंट तिथून गेला तर १६ गुणिले १६ गुणिले ०.१, म्हणजे २५ वॅटहून थोडी जास्त उष्णता तेवढ्याशा जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारे जो छोटा सोल्डरिंग आयर्न वापरतात तो साधारण २५ वॅटचाच असतो. तसला एक आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून सहा तास चालू ठेवल्यासारखं हे आहे. पट्टी तापते, तापल्याने तिचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळतं. आणि यातलं काहीही एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचला, कळत नाही. कारण करंट १६ अँपिअरच आहे, जास्त झालेला नाही, त्यामुळे तो ट्रिप होत नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड आला की अशी कमजोर ठिकाणं एकाची तीन-चार होतात. खिडकीतलं सॉकेट, बोर्डाचा प्लग, बोर्डाच्या आतले जोड, पुन्हा गाडीच्या केबलचा प्लग. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. अंगणात बोर्डावर पाणी पडलं तर वेगळंच संकट.

म्हणून सासऱ्यांना माझ्या वतीने सांगा, तुमची भीती बरोबर आहे, फक्त ती बॅटरीपेक्षा सॉकेटची जास्त बाळगा. आणि या कामाची तपासणी त्यांच्याकडेच द्या, हे मी मनापासून सांगतो. घरात ज्याला धोका दिसतो त्याला ‘बाबा, तुम्ही उगाच घाबरता’ म्हणून गप्प बसवण्यापेक्षा त्याच्या हातात तपासणीची यादी देणं कितीतरी बरं. इलेक्ट्रिशियन आला की त्याच्याशी त्यांनीच बोलावं. ओहम, अँपिअर, अर्थिंग हे शब्द ज्याला कळतात असा माणूस घरात असणं ही जमेची बाजू आहे.

इलेक्ट्रिशियनकडून करून काय घ्यायचं? मेन बोर्डापासून शेडपर्यंत गाडीसाठी संपूर्ण वेगळी लाइन. त्या लाइनवर दुसरं काहीही नको, शेडमधला दिवासुद्धा नको. मधे जोड नसलेली, अखंड, तांब्याची वायर. जाडीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे, २५ मीटरसाठी १० स्क्वेअर एमएम घाला. काही जण ६ मध्ये भागेल म्हणतील. हिशेबाने सांगतो: ६ स्क्वेअर एमएमची वायर २५ मीटर जाऊन-येऊन धरली तर ३२ अँपिअरला जवळपास ५ व्होल्ट वाटेत खाते आणि सुमारे १५० वॅट नुसती तापण्यात घालवते. १० ची घातली तर हाच तोटा ९० वॅटवर येतो. वायर पाइपमध्ये असणार, उन्हाळ्यात पाइपच तापलेला असणार, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. आणि अंगण एकदा खणलं की पुन्हा खणायला कोणी तयार नसतं. त्याच चरात एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून ठेवा. उद्या दुसरी गाडी आली, छतावर सौर पॅनेल आले किंवा इंटरनेटची केबल न्यायची झाली तर उपयोगी पडेल.

शेडमध्ये ७.४ किलोवॅटचा, ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर बसवा आणि त्याचा करंट सेटिंगमध्ये १६ अँपिअरवर ठेवा. बहुतेक चांगल्या चार्जरना, नाहीतर गाडीला, ही सोय असते. वायर ३२ ची आणि रोजचा वापर १६ चा, म्हणजे उष्णता निम्मी नव्हे तर चौथा हिस्सा होते. पुन्हा ज्यूलचाच नियम. माहेराहून रात्री उशिरा परत आलात आणि सकाळी लगेच कुठे जायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरतं ३२ वर करायचं.

या १६ अँपिअरचा दुसरा फायदा घराच्या एकूण लोडला होतो. तुमच्या मीटरचा मंजूर लोड किती आहे ते वीजबिलावर बघा. गीझर ३ किलोवॅट, एसी दीड-दोन, त्यात इंडक्शन, आणि वर गाडीचे ७.४, असं एकाच वेळी झालं तर जुन्या सिंगल फेज घराचा मेन स्विच उडणारच. लोड वाढवून घ्यायची गरज पडली तर तो अर्ज गाडी येण्याआधी करा, अशा कामांना वेळ लागतो. तसंच गाडी संध्याकाळी आल्या आल्या प्लग लावून ठेवली तरी चार्जिंग रात्री घरातली कामं संपल्यावर सुरू होईल अशी वेळ लावून द्या. तुमच्या वीजकंपनीचा रात्रीचा दर कमी असेल तर तेही साधेल. घरात इन्व्हर्टर असेल तर गाडीची लाइन त्याच्या आधी, थेट मेनवरून निघाली पाहिजे.

आता संरक्षणाच्या दोन गोष्टी, आणि या दोन्हींत कुठलीही काटकसर नको. पहिली म्हणजे गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी. तो ३० मिलिअँपिअरचा हवा, कारण माणसाच्या शरीरातून जाणारा करंट जीवघेणा ठरायच्या आत तो तुटायला हवा. पण दुकानात सहज मिळणारा साधा, एसी टाइपचा आरसीसीबी गाडीला चालत नाही. गाडीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते, आणि तेवढी डीसी गळती साध्या आरसीसीबीला आंधळं करते. मग खरोखर कुणाला शॉक बसत असतानाही तो उडत नाही. म्हणून एकतर टाइप बी घ्या, नाहीतर टाइप ए घ्या आणि चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे याची खात्री करा. चार्जरच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं काम सासऱ्यांच्या यादीत घाला. दाबल्यावर उडाला नाही तर तो बदलायचा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंगची वायर असते, पण दुसऱ्या टोकाला जमिनीशी ती खरोखर जोडलेली असते का, हे कुणी तपासलेलं नसतं. गाडी मात्र ते तपासते. अर्थिंग चांगलं नसेल तर अनेक गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, सरळ एरर दाखवतात. आणि मग कुणीतरी येतो आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो. गाडी फसते, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. ताई, असं कुणालाही करू देऊ नका. त्या दिवसापासून कधीही मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा अख्खा पत्रा फेजच्या वोल्टेजला येऊ शकतो, आणि दाराला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो. गाडी अर्थिंगची तक्रार करत असेल तर ती तुमच्या भल्याचं सांगते आहे. जमिनीत नवा अर्थ पिट करून घ्या आणि मीटर लावून त्याचा रोध मोजून घ्या. मोजल्याशिवाय ‘अर्थिंग ओके आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

एवढं झालं की पावसाची भीती बरीचशी आपोआप कमी होते. गाडीच्या चार्जिंगच्या प्लगमध्ये वीज सतत हजर नसते. प्लग गाडीत पूर्ण बसला, गाडी आणि चार्जर यांची आपापसांत संदेशाच्या पिनमधून खूणगाठ पटली, की मगच चार्जर वीज सोडतो. काढताना संदेशाची आखूड पिन आधी सुटते आणि मोठ्या पिना वेगळ्या व्हायच्या आत करंट थांबलेला असतो. म्हणून पावसात, ओल्या हाताने प्लग लावला तरी चालतं अशीच त्याची रचना आहे. तरी चार्जर शेडच्या आत, पाण्याच्या झोतापासून दूर, छातीच्या उंचीवर बसवा आणि केबल जमिनीवर पाणी साचतं तिथे लोळू देऊ नका. अंगणात पाणी भरलं आणि गाडी तळापर्यंत बुडाली तर ती गोष्ट वेगळी. मग ती चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला कळवा. पाणी खारं असेल तर धोका आणखी जास्त असतो आणि तो काही दिवसांनीही उद्भवू शकतो.

आणि बॅटरीची आग? ती होत नाही असं मी म्हणणार नाही. लिथियम-आयन सेल आतून बिघडला किंवा चेपला तर तो स्वतःच तापत जातो, शेजारच्या सेलना तापवतो, आणि ती साखळी थांबवणं अवघड असतं. अशी आग विझवायला भरपूर पाणी लागतं, आणि विझल्यासारखी वाटून ती काही तासांनी पुन्हा भडकू शकते. पण वेगवेगळ्या देशांत जमवलेल्या नोंदी बघितल्या तर गाड्यांच्या संख्येच्या मानाने इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा कमी पेटतात. चार्जिंग चालू असताना बॅटरीतली यंत्रणा सेलचं वोल्टेज आणि तापमान सतत बघत असते, भरली की वीज बंद करते, जास्त तापली की वेग कमी करते. रात्री शेडमधून पंख्याचा किंवा पंपाचा आवाज आला तर दचकू नका, ती बॅटरी थंड करायची व्यवस्था असते. शेडमध्ये रद्दी, रंगाचे डबे, सिलिंडर असलं काही ठेवू नका. गाडीचा तळ दगडावर जोरात आपटला असेल तर दाखवून घेतल्याशिवाय घराला लागून चार्ज करू नका. गाडीखालून फुसफुस आवाज आणि धूर येताना दिसला तर स्वतः विझवायच्या भानगडीत पडायचं नाही. सगळ्यांनी लांब जायचं, धूर विषारी असतो, आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगायचं की गाडी इलेक्ट्रिक आहे.

सासऱ्यांना रात्री झोप लागावी म्हणून आणखी एक करता येईल. सुरुवातीचे काही दिवस चार्जिंग रात्री न करता सुट्टीच्या दिवशी दुपारी करा. तासाभराने चार्जरवर, मेन बोर्डातल्या एमसीबीच्या आवरणावर, केबलच्या टोकाला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नाही इतकं तापलं किंवा जळकट वास आला तर चार्जिंग थांबवा आणि जोड पुन्हा आवळून घ्या. नव्या कामातले स्क्रू काही महिन्यांनी एकदा पुन्हा आवळावेत, ते थोडे सैल पडतात. आवळायचं काम मेन बंद करून इलेक्ट्रिशियननेच करायचं.

रोज पूर्ण चार्ज करायचं की नाही, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो त्याचं कारण बॅटऱ्याच दोन प्रकारच्या आहेत. विक्रेत्याला एकच विचारा, बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी. एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं. कमी वजनात जास्त वीज साठते, पण पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हात, ती फार काळ ठेवली तर लवकर म्हातारी होते. तिची रोजची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवा आणि लांब जायच्या आदल्या रात्रीच १०० करा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ही वजनाला जड, पण उष्णतेला जास्त सोशिक आणि जास्त वेळा चार्ज होणारी. हिचं वोल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणून नेमकी किती टक्के उरली हे गाडीला ओळखणं कठीण जातं. अधूनमधून पूर्ण भरली की तिचा अंदाज पुन्हा जुळतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा १०० टक्के करा असं अनेक कंपन्या सांगतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. तुमची गाडी घराच्या शेजारी उभी राहणार, सासऱ्यांच्या मनात धाकधूक आहे, रोजचं अंतर मर्यादित आहे. हे सगळं धरून मी तुमच्यासाठी एलएफपी निवडेन.

मग मोठी बॅटरी की मध्यम? हे तुमच्या माहेरच्या फेरीवर ठरेल, रोजच्या ४५ किलोमीटरवर नाही. हमरस्त्यावर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १०० किलोमीटरला १७-१८ युनिट धरा. ६० युनिटची बॅटरी पूर्ण भरून निघालात आणि २० टक्के शिल्लक ठेवायची म्हटलं तर २७० किलोमीटरच्या आसपास पोहोचाल. म्हणजे २८० ला तीही न थांबता निर्धास्तपणे पुरत नाही. एसी जोरात असेल, समोरून वारा असेल, चार माणसं आणि सामान असेल तर आणखी कमी. ४० युनिटची असेल तर १८० च्या आसपास थांबावं लागेल आणि उरलेल्या अंतरासाठी १७-१८ युनिट भरून घ्यावे लागतील. बऱ्यापैकी वेगाच्या डीसी चार्जरवर त्याला अर्धा तास लागतो. तिथे १०० टक्क्यांची वाट बघत बसायची नाही. ८० नंतर चार्जिंग मुद्दाम मंदावतं, शेवटच्या २० टक्क्यांत वेळ फार जातो आणि मागे कुणीतरी ताटकळत असतं.

थोडक्यात, दोन्ही बॅटऱ्यांना वाटेत एकदा थांबायचंच आहे. मग महिन्यातल्या एका फेरीसाठी उरलेले सगळे दिवस जास्तीचं वजन आणि जास्तीची किंमत वाहायची का? माझं उत्तर नाही असं आहे. मात्र वाटेवर साधारण मध्याच्या पुढे-मागे दोन वेगवेगळ्या ठिकाणी चार्जर असले पाहिजेत, एकच असेल तर मी मोठी बॅटरी घ्या म्हणेन. नकाशावर ठिपका दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. पुढच्या वेळी पेट्रोलच्या गाडीनेच माहेरी जाल तेव्हा त्या दोन्ही ठिकाणी वळून बघा. चार्जर चालू आहेत का, रात्री उजेड असतो का, बाई एकटी थांबू शकेल का, स्वच्छतागृह आहे का. तुम्ही एकट्या गाडी घेऊन जाणार असाल तर हे शेवटचे प्रश्न किलोवॅटइतकेच महत्त्वाचे आहेत.

माहेरी पोहोचल्यावर रात्रभर साध्या सॉकेटवर १० अँपिअरने लावलीत तरी सकाळपर्यंत शंभरएक किलोमीटरची भर पडते, आणि परतीचा वाटेतला थांबा बराच छोटा होतो. त्यासाठी गाडीबरोबर मिळणारी, मधे डबा असलेली केबल डिकीत ठेवा. डब्याचं वजन प्लगवर लोंबकळू देऊ नका, त्याने पिन सैल पडते. आणि तिथलं सॉकेट वापरण्याआधी त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून उघडून तपासून घ्या, गरज पडली तर नवं, जाड पट्टीचं बसवून घ्या. काम छोटं आहे. या फेरीला जाल तेव्हाच करून टाका.